अकरा खुंट्यांचं कॅन्टीन

आमच्या घरी पाहुणे जेवून सुपारी कातरत बसले की बायको हळूच म्हणते, "ते कॅन्टीनच्या सरांचं सांगा ना." मग मी सांगतो. सर चहाचे दोन कप कसे मागवत, कुठलाही बाक त्यावर तासभर बसून पाहिल्याशिवाय कसे हलवू देत नसत, आणि आमच्या वऱ्हाडी बोलीनं त्यांची कशी फजिती केली, इथपर्यंत मी रंगवून सांगतो. पाहुणे हसतात. मग मी घड्याळाकडं बघून "चला, उद्या ऑफिस आहे" म्हणतो. मुलांना वाटतं, गोष्ट तिथंच संपते. ती संपत नाही. पुढच्या भागात मी आहे. स्वतःची थट्टा करण्यात माझा हात कोणी धरणार नाही, पण तेवढा भाग काही थट्टेत बसत नाही.

सर आमच्या अकोल्याच्या कॉलेजात फिजिक्सचे डेमॉन्स्ट्रेटर होते. साताऱ्याकडून आलेले. पन्नाशीच्या अलीकडचे, उंच, आणि उंचीबद्दल माफी मागत असल्यासारखे किंचित वाकलेले. जठारपेठेत एका वकिलांच्या घरामागच्या खोलीत एकटे राहत. त्यांचं लग्न झालं होतं की नव्हतं, हा आमच्या हॉस्टेलातला कायमचा वादाचा विषय. खिशात घडीची लाकडी फूटपट्टी असायची. बोलता बोलता ती उघडून ते टेबलाची उंची मोजत, खिडकीची रुंदी मोजत, आणि आकडा कुठंही न लिहिता नुसती मान हलवत.

विद्यार्थ्यांना ते अहो-जाहो करत. आम्हाला सवय "काऊन बे, कुठं चालला?" अशा चौकशीची. पहिल्यांदा त्यांनी मला "आपण इथे उभे का आहात?" असं विचारलं, तेव्हा मी मागं वळून पाहिलं. मागं भिंत होती.

कॅन्टीनमध्ये गेले की ते चहाचे दोन कप मागवत. एक स्वतःपुढे, दुसरा समोरच्या रिकाम्या जागेपुढे. "दुसरा कोनासाठी सर?" असं कॅन्टीनवाल्यानं एकदाच विचारलं. "कोणी आलं तर," सर म्हणाले. प्राध्यापक मंडळी स्टाफरूममध्ये चहा पीत, आणि डेमॉन्स्ट्रेटरला तिथं बसता येत असलं तरी बस म्हणणारं कोणी नव्हतं. घंटा झाली की सर दुसरा कप उचलत आणि साय आलेला तो गार चहा औषधासारखा एका घोटात पिऊन टाकत.

आता फजितीचं. आमच्या वऱ्हाडात 'येतो आहे' असं कोणी म्हणत नाही. 'येऊन राहिलो' म्हणतात. करतो आहे म्हणजे करून राहिलो, जेवतो आहे म्हणजे जेवून राहिलो. साताऱ्याच्या माणसाच्या कानाला त्याचा अर्थ सरळ लागतो: आला, आणि मग राहिला. सर नवीन असताना चपराशाला म्हणाले, "चहा आणता का?" तो जागचा न हलता म्हणाला, "आणून राहिलो सर." सरांनी टेबलावर पाहिलं, खाली पाहिलं. "आणून राहिलात? मग तो कुठे आहे?" चपराशी म्हणाला, "आणूनच राहिलो नं."

दुसरा माणूस चिडला असता. सरांना ही बोली फार आवडली. "आमच्याकडे माणूस येतो," ते आम्हाला म्हणाले, "तुमच्याकडे येऊन राहतो. केवढी चांगली भाषा आहे ही." आम्ही तोंडं दाबून हसलो. मात्र खरी गोम त्यांना कोणीच सांगितली नव्हती. आमच्याकडं 'येऊन राहिलो' म्हणणारा माणूस बहुतेक वेळा घरातून निघालेलाही नसतो.

कॅन्टीन म्हणजे सायकली ठेवायची जुनी टिनाची शेड. मार्चपासून आत बसलं की टाळू भाजून निघायची. दारावर पाटी होती, 'चहा घेतल्याशिवाय बसू नये'. शहरातली वकील-मास्तरांची मुलं चहा घेऊन बसत. आम्ही खेड्यापाड्यांतले पोट्टे मागच्या कडुनिंबाखाली शिदोरीचं फडकं सोडायचो. भाकरी, ठेचा, कांदा. कोणी येताना दिसलं की फडकं झाकून "झालं जेवण" म्हणायचं. मी तर जास्तच झाकायचो. अकोटला आमची केळीची आणि वांग्याची बाग होती, आणि बाबा स्वतः बाजारात पाल टाकून बसत. पण कोणी विचारलं की मी "शेती आहे" असं म्हणायचो, आणि तेही अशा सुरात, की समोरच्याला वाटावं क्षितिजापर्यंत सगळं आमचंच.

सरांनी पंधरा दिवस त्या शेडमधल्या एकेका जागेवर तासतासभर बसून काढले. "आधी बसा, मग हलवा," हे त्यांचं ब्रीद. मग ते प्रिन्सिपॉलसाहेबांकडं गेले आणि म्हणाले, ही शेड दिवसातला बराच वेळ रिकामी असते आणि मुलं उन्हात जेवतात, उन्हात वाचतात. इथे जेवताही यावं, वाचताही यावं, नाटकाची तालीम करता यावी, दुपारी आडवं होता यावं. चहा घेतला नाही तरी.

साहेब म्हणाले, "कॅन्टीन म्हणजे कॅन्टीन. चहा प्यायचा आणि उठायचं."

"उठून कुठे जायचं?" सरांनी विचारलं.

त्यांना खरंच माहिती हवी होती. साहेबांनी खिडकीबाहेरच्या उन्हाकडं पाहिलं आणि परवानगी दिली. अट एकच, कॉलेजचा एक खिळासुद्धा मिळणार नाही.

सर खूश. "फुकट काहीच जात नसतं," ते म्हणाले, "आपल्याला त्याची जागा सापडलेली नसते." आणि उन्हाळ्याच्या सुट्टीआधी शेवटच्या प्रॅक्टिकलला त्यांनी वर्गाला विचारलं, "सुट्टीत कामाला कोण कोण येईल?"

अकरा जण म्हणालो, "येऊन राहिलो सर." माझा आवाज सगळ्यांत मोठा होता. सरांनी अकरा नावं कागदावर लिहून घेतली. मग आम्ही ट्रंका बांधल्या आणि आपापल्या गावी गेलो.

मे महिन्यात मी अकोल्याला गेलो तो विसरलेली घोंगडी आणायला. हॉस्टेलचा किल्ल्या सांभाळणारा घरी जेवायला गेला होता. म्हणून सावलीला कॅन्टीनकडं वळलो.

आत जमीन शेणानं सारवलेली होती. भिंतीशी अकरा चटया अंथरलेल्या, प्रत्येकीच्या उशाशी एक मातीचं मडकं आणि त्यावर पितळी पेला. भिंतीवर अकरा खुंट्या, आणि वर खिळ्याला तो नावांचा कागद. सर बनियनवर, कुंभाराकडून आणलेल्या तडकलेल्या मडक्यांच्या ढिगात बसले होते. मला पाहून उठले. हात धोतराला पुसले.

"आलात?" ते म्हणाले. "आपण पहिले."

सुट्टी लागून महिना होत आला होता. घोंगडी न्यायला आलोय, हे मला म्हणता आलं नाही. मी पिशवी पहिल्या खुंटीला अडकवली.

नऊ दिवस मी तिथं राहिलो. त्या दिवसांची मजा मी पाहुण्यांना सांगतो, आणि ती खोटी नाही. तडकलेली मडकी आम्ही पत्र्यावर उलटी मांडली, ओळीनं, दाटीवाटीनं. पत्रा आणि ऊन यांच्यामध्ये हवेचा थर आला आणि खालचा ताप निम्म्यानं उतरला. प्रयोगशाळेतल्या यंत्रांच्या टाकून दिलेल्या खोक्यांची बुटकी टेबलं केली. कापसाच्या जिनमधून फाटकं बारदान आणून दारांना पडदे लावले आणि त्यांवर पाणी शिंपडलं. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, विणून त्यांच्या ताट्या केल्या आणि तालमीसाठी एक कोपरा आडोसा करून वेगळा काढला. कपबशा धुतलेलं पाणी पूर्वी दारातच साचायचं. सरांनी फूटपट्टीनं उतार काढून त्याला एक चारी खणली. चारीच्या कडेला काय लावायचं, हे ठरत नव्हतं. मी बागवानाचा पोरगा, पण तोंड मिटून बसलो. क्षितिजापर्यंतच्या शेतीवाल्यानं सांडपाण्यावर काय येतं ते कसं सांगावं?

दुपारी काम थांबायचं. मग सर म्हणत, "बसा." रोज वेगळ्या जागी आम्ही दोघं तासभर बसायचो. उजेड कुठून येतो, वारा कुठं लागतो, पाठ कुठं टेकते. मला झोप यायची. सर जागे असत. अकोटची गाडी, अमरावतीची गाडी, अचलपूरची गाडी, प्रत्येकीची वेळ त्यांना पाठ होती. गाडीची वेळ झाली की त्यानंतर कॉलेजच्या फाटकापर्यंत चालत यायला जेवढी मिनिटं लागतात, तेवढी ते फाटकाकडं बघत बसत. मग म्हणत, "आज नाही आले."

पाचव्या दिवशी त्यांनी विचारलं, "आपल्या बोलीत 'येऊन राहिलो' म्हणजे नक्की काय?"

सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "म्हणजे येतातच सर."

रोज संध्याकाळी ते उरलेल्या दहा मडक्यांतलं पाणी झाडांना घालून सकाळी नवीन भरत. शिळं पाणी पाहुण्याला कसं द्यायचं, म्हणून.

नवव्या दिवशी दुपारी बसल्या बसल्या ते एकदम बोलू लागले. लहानपणी आई-वडील गेल्यावर ते मामांकडं वाढले. मामा चांगले होते. जेवायला, कपड्याला कधी कमी केलं नाही. पण घर लहान, पाहुणे फार. कोणी आलं की यांचं अंथरूण ओसरीवरून माजघरात जाई, आणखी कोणी आलं की जिन्याखाली. "मला घरात जागा होती," सर म्हणाले, "पण ठरलेली नव्हती." मग माझ्या पिशवीच्या खुंटीकडं बघून हसले. "दिवाळीच्या सुट्टीतही आपण इथेच राहू. तोवर तुम्हाला सवय होईल."

मी एकोणीस वर्षांचा होतो. दुसऱ्याचं एकटेपण अंगावरच्या घामासारखं आपल्यालाही चिकटेल, असं मला त्या क्षणी वाटलं. दिवाळी, मग पुढचा उन्हाळा, मग त्या पुढची दिवाळी, आणि फाटकाकडं बघत बसलेले आम्ही दोघं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी म्हणालो, "सर, घरून निरोप आला. बाबा आजारी आहेत."

निरोप कोण घेऊन आला, कधी आला, असं त्यांनी काही विचारलं नाही. माझी पिशवी त्यांनी स्वतः खुंटीवरून काढून दिली आणि एसटी सुटेपर्यंत स्टँडवर उन्हात उभे राहिले. घोंगडी हॉस्टेलातच राहिली.

चार दिवसांनी मी घरी अंगणात बैलांच्या कासऱ्याला पीळ घालत होतो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक उंच, वाकलेला माणूस घराघराकडं बघत येताना दिसला. बगलेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. मी कासरा टाकला आणि कडब्याच्या गंजीमागं जाऊन बसलो. या वाक्यात मला शोभेल असं काही घालता येईल का, हे मी बऱ्याच वर्षांत पुष्कळदा पाहिलं. नाही घालता येत.

बाबा तेवढ्यात बागेतून आले. चिखलाचे पाय, खांद्यावर फावडं, अंगानं खणखणीत. सर थबकले. बाबा म्हणाले, "कोन पायजे?"

सरांनी माझं नाव सांगितलं आणि आपण कोण ते सांगितलं. मग क्षणभर थांबून विचारलं, "आपण त्यांचे वडील? प्रकृती बरी आहे ना?"

"मले का धाड झाली?" बाबा म्हणाले. "सकाळपासून केळीले पाणी देऊन राहिलो. बसा मास्तर, बसा."

सर बसले. मला त्यांचा चेहरा दिसत होता. त्यावर राग नव्हता. प्रयोगाचा आकडा चुकीचा आला की ते तो परत एकदा वाचत, तसे ते बाबांकडं बघत होते. मग म्हणाले, "इकडे काम होतं. सहज आलो." आणि बगलेतलं पुडकं पुढं केलं. पुडक्यात सहा केळी होती. आजारी माणसासाठी आणलेली.

बाबांनी एक केळ उचलून देठाकडून पाहिलं. "हे तं आपल्याच बागेतलं दिसून राहिलं," ते म्हणाले, आणि हसत सुटले. "अकोल्याहून इकत घेऊन आले का मास्तर? आमच्याच घरी?" सरही हसले. पहिल्यांदाच मी त्यांना मोठ्यानं हसताना ऐकलं.

माय पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. सरांनी विचारलं, "चिरंजीव कुठे आहेत?"

"आत्ता तं इथंच होता," माय म्हणाली. "येऊनच राहिला तो, बसा तुमी."

सर तांब्याकडं बघत म्हणाले, "म्हणजे आज काही भेट होत नाही."

"बरी शिकले मास्तर आमची भाषा," बाबा म्हणाले. मग त्यांना जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. अंगणातच, मांडवाच्या सावलीत पानं मांडली. सर माझ्याकडं पाठ करून बसले. माझं नशीब बरं, असं मला वाटलं. त्यांचं जेवण काही केल्या आटपेना. कडब्याची कुसळं टोचत होती, पायाला मुंग्या आल्या होत्या, पण हलायचं धाडस झालं नाही. चारच्या गाडीला बाबा त्यांना पोचवायला गेले, तेव्हा सरांच्या हातात ओल्या बारदानात गुंडाळलेले केळीचे चार मुनवे, म्हणजे बुंध्याशी फुटलेले कोंब, होते. सांडपाण्यावर केळ फार चांगली येते, हे बाबांनी त्यांना सांगितलं होतं.

जूनमध्ये कॉलेज उघडलं. कॅन्टीनच्या दारावरची पाटी गेली होती. चारीच्या कडेला केळीचे चार कोंब हिरवे उभे होते. पहिल्याच दिवशी इतकी गर्दी झाली की पोट्टे खोक्यांवर, चटयांवर, उंबऱ्यावर बसले. भाकरीची फडकी उघडी पडली आणि वकिलांचा मुलगा ठेचा मागून घेऊन खाऊ लागला. बाकीच्या दहा जणांनी मोठ्या कौतुकानं म्हटलं, "सर, आमी येऊनच राहिलो होतो, पण..." सर म्हणाले, "हो. मला कल्पना आहे."

मग सगळ्यांसमोर माझ्याकडं वळून त्यांनी विचारलं, "वडील कसे आहेत?"

सगळे ऐकत होते. मी म्हणालो, "बरे आहेत आता."

"छान," सर म्हणाले. "काळजी घ्या त्यांची."

माझं खोटं त्यांनी सगळ्यांसमोर असं खरं करून दिलं. मला वाटलं, एकट्यात गाठून विचारतील. विचारलं नाही. मी दोनदा त्यांच्या खोलीपर्यंत गेलो आणि दोनदा वकिलांच्या फाटकावरून परत आलो. भेटले की तेच विचारायचे, "वडील कसे आहेत?" आणि मी तेच सांगायचो. दुसरं बोलणं आमच्यात कधी झालं नाही. त्या गर्दीत त्यांना बसायला जागा मिळाली तर ते कडेला बसत. जागा मिळाली नाही की समाधानानं मान हलवून जात. त्या वर्षीपासून ते चहाचा एकच कप मागवू लागले. माझ्याशिवाय ते कोणाच्या लक्षात आलं असेल असं वाटत नाही.

मी बी.एस्सी. होऊन अमरावतीला नोकरीला लागलो. सर पुढच्याच वर्षी कॉलेज सोडून गेले. कुठं, ते कोणाला ठाऊक नव्हतं. कॉलेजात पत्र टाकून विचारलं, तर नवीन कारकुनाचं उत्तर आलं की असा कोणी इसम दप्तरात आढळत नाही.

गेल्या हिवाळ्यात बाबा आमच्याकडं अमरावतीला होते. डॉक्टरांनी अंथरुणातून उठायला मनाई केली होती. एकदा दुपारी मी उशाशी बसून त्यांना केळ सोलून देत होतो. ते म्हणाले, "तो मास्तर कुठं असतो रे आता? अकोल्याचा?"

"माहीत नाही बाबा."

"तू त्याले भेटला होता का मंग? नंतर?"

मी केळाचा पुढचा तुकडा त्यांच्या हातात दिला. बाबा केळ चावत राहिले.

"उन्हाळा होता," ते म्हणाले. "गंजी कमरेएवढी उरली होती कडब्याची. तुह्ये पाय दिसून राहिले होते. मी हाक मारनारच होतो. मास्तरनं माह्या हातावर हात ठेवला. हळूच म्हने, राहू द्या."

मी केळाची साल हातात धरून बसलो.

"जेवाले बसताना म्हने, मी तिकडं पाठ करून बसतो. त्याले निघता आलं पायजे. म्हनून आमी लय वेळ जेवलो. तुही माय भाकरी करू करू थकली. मास्तरचं पोट केव्हाचंच भरलं होतं, तरी एक एक तुकडा मोडून खाऊन राहिले होते." बाबांनी डोळे मिटले. "तू काई निघाला नाई."